अकोल्याचं ऊन आणि साडेअकराला सुटणारी शाळा: टोपी घेऊ की आणखी काही?

पळसफूल:
लेक सहावीत आहे. शाळा सकाळची झालीय, पण सुटते साडेअकराला आणि पुढे वीस मिनिटं सायकल. काल आली ती लालबुंद होऊन, डोकं दुखतंय म्हणाली आणि न जेवताच झोपली. टोपी कोणती घ्यावी? सनस्क्रीन लावू का? आणि पूर्वी ओआरएस म्हणून विकायचे तसली गोड पेयं रोज डब्यासोबत द्यावीत का?

नवटाक:
टोपी राहू द्या, दुपट्टा बांधा. सुती, फिका, कान-मान झाकणारा. टोकं चाकात जाणार नाहीत असे खोचायला शिकवा. सनस्क्रीन साडेसहाला लावलं तर सुटेपर्यंत कुठलं टिकतंय! त्यापेक्षा पूर्ण बाह्या. आणि खिशातला कांदा... आमच्या आजीचा फार विश्वास होता. दप्तराला वास येतो, एवढाच अनुभव.

खडूफळा:
ती गोड पेयं नकोच, साखर फार. औषधाच्या दुकानातली ओआरएसची साधी पुडी घ्या. एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच, पेल्यात थोडी थोडी नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण हे ऊन लागल्यावर. रोजच्याला पाणी, ताक, पन्हं पुरे.

मला दुसरंच विचारायचंय. बाटली घरी येते तेव्हा त्यात पाणी किती असतं? मी शिकवते, म्हणून सांगते: कितीतरी मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत, शाळेच्या संडासात जावं लागू नये म्हणून. केरळात २०१९ साली शाळांमध्ये पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली. आम्हीही वाजवतो. पण पहिल्या आठवड्यात मुली नुसत्या ओठ ओले करायच्या. संडास रोज धुतले जाऊ लागले तेव्हा कुठे बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या.

नवटाक:
एक राहिलं. मूल असंबद्ध बोलू लागलं, कोसळलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर १०८ लावा. तोवर सावलीत घेऊन अंगावर पाणी, वारा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

पळसफूल:
खडूफळाताई, आत्ता पाहिलं. बाटली जवळजवळ भरलेली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, दाराला कडीच नाही."
सोमवारी आम्ही तिघी आया शाळेत चाललोय. कडी-कोयंडा घेऊनच.