‘शुड’ म्हणजे दरवेळी ‘पाहिजे’ नव्हे

एका ताईंनी विचारलंय की इंग्रजीतलं ‘द बस शुड बी हिअर बाय टेन’ म्हणजे ‘बस दहाला आलीच पाहिजे’ का. नाही ताई. इथे ‘शुड’ अंदाज सांगतो: दहापर्यंत बस यायला हरकत नाही. ‘यू शुड ओबे द लॉ’मध्ये कर्तव्य आहे, ‘यू शुड सी पन्हाळा इन द रेन्स’मध्ये सल्ला. हे दोन्ही पोरांना लवकर जमतं, कारण मराठीतही आपण ‘पाहिजे’वरच दोन्ही भागवतो.

अडतं ते अंदाजापाशी. हा ‘शुड’ सहसा अपेक्षित, हव्याशा गोष्टीलाच लागतो, आणि हे शिकवताना सांगायलाच हवं. पंचगंगेबद्दल ‘द वॉटर शुड गो डाउन बाय ईव्हनिंग’ अगदी बरोबर. पण ‘द रिव्हर शुड फ्लड टुनाइट’ म्हटलं तर पूर यावा अशी बोलणाऱ्याची इच्छा आहे असं वाटतं! तिथे ‘माइट’ किंवा ‘विल प्रॉबब्ली’ घ्या. २०१९ चा पूर बघितलेल्या कोल्हापूरच्या पोरांना हा फरक लगेच कळतो.

‘शी शुड हॅव रीच्ड बाय नाऊ’चेही दोन अर्थ निघतात: ‘एव्हाना पोहोचली असेल’ किंवा ‘एव्हाना पोहोचायला हवी होती’. मागचंपुढचं वाक्य बघूनच ठरवा.