रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस: पास नको, सुटी तिकिटं काढा

तुम्ही विचारलंय की रोम, फ्लोरेन्स, व्हेनिससाठी युरेल पास (युरोपभरच्या रेल्वेचा एकत्रित पास) घ्यावा का सुटी तिकिटं काढावीत, तर माझं मत सरळ आहे, तीनच शहरं असतील तर पास नका घेऊ, कारण इटलीत फास्ट गाड्यांना पास असूनही सीट रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे पडतात. त्रेनितालिया आणि इतालो या दोन इटालियन रेल्वे कंपन्यांच्या साइटवर भाव बघा, जितकं लवकर तितकं स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे व्हिसा हातात आल्याशिवाय ते काढू नका प्लीज.

शोधताना स्टेशनांची नावं रोमा तेर्मिनी, फिरेन्झे (फ्लोरेन्स) सांता मारिया नोव्हेला, वेनेझिया (व्हेनिस) सांता लुचिआ अशीच टाका. व्हेनिसच्या मेस्त्रे स्टेशनचं काढू नका, ते खाडीच्या अलीकडे आहे. सांता लुचिआच्या दारातून बाहेर पडलात की समोर पायऱ्या आणि खाली थेट ग्रँड कॅनाल, आई तर बॅग तिथेच ठेवून बघत उभी राहिली होती!

फ्लोरेन्सहून पिसाला जायचं असेल तर रिजनल (जवळपासच्या गावांना जाणाऱ्या साध्या) गाडीचं तिकीट आधी काढायची गरजच नाही, भाव तोच असतो. फक्त कागदी तिकीट चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करायचं आणि मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं, नाहीतर तिकीट असून दंड.

आणि हो, कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून घ्या. माझं पेमेंट त्यापायीच दोनदा फेल झालं आणि तेवढ्यात स्वस्त सीट गेल्या.