‘दौलताबाद’मधील ‘दौलत’ कोणती?

प्रश्न : देवगिरीचे दौलताबाद झाले हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांतून हमखास आढळणारा ‘संपत्तीचे शहर’ हा त्या नावाचा अर्थ कितपत ग्राह्य धरावा?

उत्तर : तो चूक नसला तरी अपुरा आहे, असे माझे मत आहे. ‘दौलत’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याच्या धातूत फिरण्याचा, पाळी बदलण्याचा भाव आहे. त्यामुळे ज्याची पाळी आली त्याची सत्ता, त्याचे राज्य असा अर्थ त्याला आला आणि भाग्य व संपत्ती हे अर्थही त्याच फेऱ्यातून निघाले. ‘सिराजउद्दौला’ म्हणजे राज्याचा दीप. तेथे धनाचा संबंध कोणी लावत नाही. मराठीने दोन्ही अर्थ वापरले आहेत. ‘धनदौलत’ किंवा तमाशातील ‘दौलतजादा’ यांत पैसा आहे, पण ‘शिंद्यांची दौलत’ असे जुन्या लिखाणात येते तेव्हा त्यांची तिजोरी नव्हे, तर त्यांचा सारा राज्यकारभार अभिप्रेत असतो. ‘आबाद’ म्हणजे वसलेले, नांदते. आपण ‘आबादीआबाद’ म्हणतो तेच ते.

आता प्रसंग पाहावा. यादवांच्या या राजधानीला मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास दिल्लीच्या जागी आपली राजधानी केले, तेव्हा ‘राज्य जेथे नांदते ते ठिकाण’ हा अर्थ त्याच्या हेतूशी अधिक जुळतो. अर्थात, १२९६मध्ये रामचंद्र यादवाकडून अलाउद्दीन खलजीने नेलेली अफाट लूट ज्यांच्या स्मरणात होती, त्यांना ‘दौलत’ ऐकताच धन आठवले असल्यास नवल नाही. पुढे १३४७मध्ये येथेच बहमनी सत्तेचा आरंभ झाला, पण तिची राजधानी लवकरच गुलबर्ग्याला गेली.

पुरवणी : ‘देवगिरी’च्या लेखनाविषयीही विचारणा झाली आहे. मराठीत तत्सम शब्दाचा अन्त्य इकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘देवगिरी’. मात्र तोच शब्द समासाचे पूर्वपद झाल्यास ऱ्हस्व राहतो, म्हणून ‘देवगिरिदुर्ग’. व्यवहारात दोन्ही नावे गुण्यागोविंदाने नांदतात : रेल्वेस्थानक दौलताबादचे आणि त्यावरून जाणारी गाडी देवगिरी एक्सप्रेस.