मदत हवी आहे: एअर बॅलन्सिंगच्या सर्टिफिकेटसाठी नेमकं काय काय शिकावं लागते?

नमस्कार मंडळी, लहान भावाने आयटीआयमधून एसी-फ्रिजचा ट्रेड केला, आता हिंगणा एमआयडीसीत एका काँट्रॅक्टरकडे आहे, डक्ट चढवणं, इन्सुलेशन, गॅस चार्जिंग सगळं येते त्याला पण आता टॅबमध्ये जायचं म्हणते, म्हणजे टेस्टिंग, अ‍ॅडजस्टिंग, बॅलन्सिंग, डक्टमधून प्रत्येक जागी ठरलेली हवा येते का ते मोजून जुळवणं. कूलर-एसीचं काम काय, नागपूरच्या उन्हाळ्यात कोणालेही भेटते, पण ऑपरेशन थिएटर नाहीतर फार्माची क्लीनरूम (धूळ-जंतूंवर ताबा ठेवलेली खोली) असली की प्रत्येक ग्रिलमधून किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा येते ते मोजून रिपोर्ट द्यावा लागते आणि त्यांच्या साइटवर त्यासाठी माणसं पुण्याहून येतात.

अ‍ॅनिमोमीटर, पिटॉट ट्यूब, मॅनोमीटर, फ्लो हूड ही हवेचा वेग, दाब, प्रमाण मोजायची साधनं हाताळता आली पाहिजेत एवढं समजलं. वेग गुणिले एरिया म्हणजे सीएफएम, हेही ठीक. अडते ते फॅन लॉमध्ये, म्हणजे फॅनचा वेग बदलला की हवा, दाब, पॉवर किती बदलते त्या नियमांत. आरपीएम 10 टक्के वाढवला तर हवा 10 टक्केच वाढते पण स्टॅटिक प्रेशर 21 टक्के आणि पॉवर 33 टक्के, म्हणजे मोटरचा अँपिअर न बघता पुली बदलली की मोटर गेलीच समजा, हे वहीत करून दाखवलं तरी पठ्ठ्या म्हणते डॅम्पर (डक्टमधली हवा कमी-जास्त करायची झडप) फिरवून पाहू न! चिल्ड वॉटरचे (एसीच्या थंड पाण्याच्या पाइपांचे) बॅलन्सिंग व्हॉल्व्ह तर पुढचीच गोष्ट.

अमेरिकेतल्या एनईबीबी या टॅबचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं टेक्निशियन सर्टिफिकेट इकडे बसून कोणी केलं आहे का? इंग्रजी कामचलाऊ आहे त्याचं, जमेल का? आणि आधी ड्रॉइंग वाचणं पक्कं करावं की सरळ एखाद्या टॅबवाल्याच्या हाताखाली लागावं, काय म्हणता?