विरह, वियोग की नुसतं न करमणं?

रातकिडा:
अमेरिकी गायक बिल विदर्सच्या 'एन्ट नो सनशाइन' (१९७१) या गाण्यावर चार ओळी लिहीत होतो. मी 'विरहगीत' म्हटलं, मैत्रीण म्हणते 'वियोग' लिही. गाण्यातली बाई घर सोडून गेली आहे आणि या खेपेला कायमचीच गेली की काय, अशी गाणाऱ्याला धास्ती आहे. कुठला शब्द बसेल?

खडूफळा:
वियोग बहुधा कायमचा. 'पत्नीवियोग', 'पितृवियोग' म्हटलं की माणूस गेलेलं असतं. विरहात भेटीची आशा धुगधुगत असते. मेघदूतातल्या यक्षाला शाप वर्षभराचाच, म्हणून तो विरही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीला चंदनाची चोळीही पोळते, तीसुद्धा भेटीच्या ओढीने. तुमच्या गाण्यातली बाई आधीही जाऊन परतलेली दिसते, गेली की लवकर येत नाही ही त्याची तक्रार. तेव्हा विरहच.

उंबरठा:
अर्थ पटला, पण तुमच्याच उदाहरणांत यक्ष आणि चंदन आले बघा! विदर्स वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींच्या मुलखातला, नऊ वर्षं नौदलात काढलेला. हे गाणं केलं तेव्हा तो विमानांतली शौचालयं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. अल्बमच्या मुखपृष्ठावरही त्याच्या हातात जेवणाचा डबा आहे. त्याचा 'एन्ट'सुद्धा बाईंनी वहीत लाल शाईने खोडला असता असा, बोलीतला. म्हणून मी म्हणेन, 'ती नसली की करमत नाही.' घराबद्दलच्या ओळीला तर 'घर खायला उठतं' आयतंच आहे.

रातकिडा:
'करमत नाही' हलकं नाही का वाटत? सुट्टीत मामाकडे गेलेल्या पोरालाही करमत नाही.

उंबरठा:
नव्या सुनेला 'करमतं ना गं इथे?' विचारून बघा, डोळे भरून येतील. करमणे म्हणजे मुळात क्रमणे, वेळ सरणे. 'कालक्रमणा'तला क्रम तोच. या गाण्यात मध्येच 'आय नो' सलग २६ वेळा येतं. तिथे पुढे शब्द भरायचा विदर्सचा बेत होता, पण स्टुडिओतल्या निर्माता बुकर टी. जोन्स वगैरे मुरलेल्या मंडळींनी 'आहे तसंच राहू दे' म्हणून सांगितलं. वेळ सरत नाही म्हणजे काय, ते तिथे ऐका.

कुंपणावरचा:
शीर्षकाचं मराठी मात्र कुणी करू नका. 'ऊन नाही' म्हटलं तर आपला माणूस म्हणेल, सुटलो बुवा! आपल्याकडे माया सावलीची. गाण्यात मात्र बाई गेली की गारठा पडतो. 'कोवळं ऊन' म्हणावं तर लगेच सकाळ होते, आणि हे गाणं काही सकाळचं नव्हे.

खडूफळा:
उंबरठा, ते २६ वेळचं मला वेगळं ऐकू येतं. १९६२चा 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' पाहून विदर्सला हे गाणं सुचलं. दारूत बुडालेलं जोडपं, नुकसान दिसत असून पुन्हा तिकडेच वळणारं. गाण्यातही 'आय नो'नंतर तो म्हणतो की या पोरीचा नाद सोडायला हवा, आणि लगेच मूळपदावर येतो. म्हणजे कळतं पण वळत नाही. तुमच्या 'न करमण्या'त हे कळणं येत नाही.

उंबरठा:
हे मान्य. पण मग ते विरहात तरी कुठे येतं?

रातकिडा:
वर्गवारीत 'विरहगीत' ठेवतो, शोधणाऱ्याला तोच शब्द सुचेल. मजकुरात 'करमत नाही' आणि 'कळतं पण वळत नाही' दोन्ही घेतो. वियोग बाद, मैत्रिणीला कळवतो.