'फेज सेपरेशन'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा (सोलापूर): माझ्या काकांना एएलएस झालाय. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. काकू रोज विचारतात, "आत नेमकं काय बिघडलंय रे?" वाचायला घेतलं की 'फेज सेपरेशन' आडवं येतं. रसायनशास्त्रात फेजला 'प्रावस्था' म्हणतात हे ठाऊक आहे, पण 'प्रावस्था विलगीकरण' असं काकूंपुढे म्हणवत नाही. साधा शब्द सुचवा.

प्रतिसाद १: 'सुटणे'. शेंगाचटणी कुटताना तेल सुटतं, तेच.

प्रतिसाद २ (रसायनशास्त्र शिकवत होते): शब्द पटला, दाखला नाही. चटणीत तेल दाण्यातच कोंडलेलं असतं, घाव बसले की बाहेर येतं. पेशीत कुणी कुटत नाही. द्रवात मिसळलेली प्रथिनं ठरावीक प्रमाणापुढे गेली की आपणहून एकमेकांना धरतात आणि त्यांचे वेगळे थेंब होतात, भोवती पडदा नसतो. रश्शावर तेलाचे डोळे जमतात ना, ते जवळचं. म्हणून मी 'थेंब धरणे' म्हणेन. २००९ साली एका गोलकृमीच्या भ्रूणात असे थेंब एकमेकांत मिसळताना, ओघळताना दिसले, तेव्हापासून या विषयाला जोर आला.

एक सांगतो, थेंब धरणं म्हणजे आजार नव्हे. पेशीवर ताण आला की असे थेंब होतात, ताण सरला की विरतात. घोटाळा पुढच्या पायरीवर आहे, आणि तिथं मराठीची श्रीमंती कामाला येते. तूप थिजतं, ऊन लागलं की पातळ होतं. रक्त साकळतं, ते ऊन दाखवून पातळ होत नाही. एएलएसशी जोडलेलं एफयूएस नावाचं प्रथिन घ्या. २०१५ च्या प्रयोगात परीक्षानळीत त्याचे पातळ थेंब काही तासांत घट्ट होऊन त्यांना तंतू फुटले. रुग्णांत सापडणारा एक जनुकीय बदल असला, तर हे आणखी लवकर घडलं. याला 'साकळणे'च म्हणा. 'गोठणे' नको, त्यानं थंडी आठवते.

प्रतिसाद ३: अल्झायमरमधल्या टाऊ प्रथिनालाही हेच शब्द चालतील?

प्रतिसाद २: चालतील. टाऊचेही थेंब होतात. मात्र रुग्णाच्या मेंदूतल्या गाठी थेंबांतूनच साकळतात, असं सरसकट लिहू नका. नळीत दिसलं ते मेंदूत जसंच्या तसं घडतं, हे अजून पक्कं झालेलं नाही.

विचारणा करणारा: सर, काल रात्री काकूंना सांगितलं. ओट्यावर तुपाची बरणी होती, तीच हातात घेतली. 'थेंब धरतात, थिजतात, साकळतात' एवढ्यात त्यांना समजलं. मग हळूच म्हणाल्या, "साकळलेलं विरघळवायचं औषध निघालंय का?" नाही म्हणालो, तसं औषध आज हाती नाही, शोध चालू आहे. शब्दांच्या वहीत 'साकळणे'च्या खाली मी 'विरघळवणे' लिहून ठेवलंय.