शब्दचर्चा : लळा लागतो, जीव लावतात, आणि नातं संपतं तेव्हा?

घाटंजी, जि. यवतमाळ
नमस्कार मंडळी. मी समाजकार्य शिकते आणि सध्या तालुक्याच्या गावी कौटुंबिक समुपदेशनाचं काम शिकून घेते आहे. नाती कशी जुळतात, टिकतात, तुटतात याचं मानसशास्त्र पुस्तकात नीट मांडलेलं असतं. पण ‘आसक्ती’, ‘बांधिलकी’, ‘विघटन’ ही भाषा घेऊन खेड्यातल्या बाईपुढे बसलं की ती नुसती मान हलवते. स्वतः बोलायला लागली की तिच्या तोंडी ‘लळा’, ‘जीव लावला’, ‘मन उठलं’, ‘मनातून उतरला’, ‘फारकत’ असे शब्द येतात. यांच्यातला फरक मला नेमका हवा आहे. आधी लळा आणि जीव लावणं घेऊ या.

अंजनगाव सुर्जी
ताई, क्रियापद पाहा. लळा ‘लागतो’, जीव ‘लावतात’. लळा कुणी ठरवून लागून घेत नाही. नातवाला आजीचा लागतो, वासराला गड्याचा लागतो. बहुतेक वेळा तो लहान जिवाला, सांभाळणाऱ्याचा लागतो. जीव लावणं हे सांभाळणाऱ्याचं काम, त्यात स्वतःचं काहीतरी खर्ची पडतं. ‘तिनं सवतीच्या पोराले जीव लावला’ म्हणतात. लळा लागला तो पोराला. जीव लावला बाईनं.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञांचा ग्रंथ १९६९ पासून खंडाखंडाने आला, तो या लळ्याबद्दलच आहे. मूल आईला चिकटतं ते केवळ दुधासाठी नाही, जवळ असणं हीच त्याची स्वतंत्र गरज आहे, असं त्यांचं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडाच्या खेड्यांत आया आणि तान्ही मुलं पाहिली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी आईला थोडा वेळ खोलीबाहेर पाठवून निरीक्षणं केली. आई जाताना मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, यातून जास्त कळतं असं त्यांना दिसलं. आपल्याकडच्या बायाही हेच पाहतात : माय वावरातून आली की पोट्टं धावत येते, का आजीच्या लुगड्यामागं दडते.

उमरेड
सर, लळा ‘लावतात’ सुद्धा. ‘मामानं पोरीले लळा लावला’ हे रोजचं बोलणं आहे. आणि तो लहानांनाच लागतो हेही मला पटत नाही. म्हातारी गेल्यावर बुढ्यानं अन्न सोडलं तर ‘लय लळा होता त्याईले एकमेकाचा’ असं आमच्याकडे म्हणतात.

अंजनगाव सुर्जी
बरोबर आहे भाऊ, दोन्ही घ्यायला हवेत. मात्र ‘लळा लावला’ म्हटलं तरी लळा लागतो तो पोरीलाच. मामा फक्त कारण झाला. मोठ्यांचं म्हणाल तर १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या अमेरिकन अभ्यासकांनी हेच मांडलं की प्रौढांचं प्रेमही त्याच जातीचं बंधन असतं. म्हाताऱ्यांबद्दल बोलताना गाव हा शब्द आपसूक वापरतं, ते मला फार खरं वाटतं.

दर्यापूर
यात ‘मन लागणे’ घ्याच. लग्न होऊन गेलेल्या पोरीला माहेरी पहिला प्रश्न हाच : ‘मन लागते का व माय तिकडं?’ नवरा आवडतो का, हे कुणी थेट विचारत नाही. या एका प्रश्नात नवरा, सासू, घर, शेजार सगळं येतं. पोरगी ‘लागते’ म्हणाली तरी माय तिच्या तोंडाकडे बघत राहते.

घाटंजी
फार उपयोगाचं. आता मला अडतं ती जागा. मारझोड सोसून बाई माहेरी येते, आम्ही सगळं समजावतो, आणि महिन्याभरात ती परत जाते. विचारलं तर म्हणते, ‘इतकी वर्षं जीव लावला, आता कुठं जाऊ?’ आमच्यातलेच काही जण म्हणतात, तिला अजून प्रेम आहे.

वरुड
ताई, तिचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात प्रेमाचा शब्दच नाही. ‘जीव लावला’ हा मागचा हिशेब आहे आणि ‘कुठं जाऊ’ ही पुढची अडचण. कॅरिल रुसबुल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नात्याची बांधिलकी तीन गोष्टींवर उभी असते असं दाखवलं : त्यात समाधान किती, दुसरी वाट कुठली, आणि आजवर किती घातलं. १९९५ मध्ये त्यांनी आणि मार्ट्झ यांनी निवाऱ्याला आलेल्या, मार खाल्लेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. जिच्याकडे दुसरी वाट कमी आणि जिनं नात्यात घातलेलं जास्त, तिची बांधिलकी अधिक आणि परत जाण्याकडे कल अधिक, असं आढळलं. परत गेली म्हणून तिला दोष देऊ नका. तिला वाट मिळेल असं काही करा.

‘मनातून उतरणे’ आणि ‘मन उठणे’ हे आणखी निराळे. माणूस मनातून उतरतो तो काही दिसल्यामुळे, कळल्यामुळे. तिथे आदर जातो. मन उठतं तेव्हा आदर असूनही राहवत नाही. मात्र दोन्ही गोष्टी आतल्या आत घडतात, समोरच्याला पत्ताही नसतो. नात्यांचे अभ्यासक स्टीव्ह डक यांनी १९८२ मध्ये नातं मोडण्याच्या पायऱ्या सांगितल्या त्यातली पहिली हीच. मग दोघांतली बोलणी, मग चारचौघांत जाणं, आणि शेवटी ज्यानं त्यानं आपली बाजू रचून सांगणं. आपल्या खेड्यात दुसरी पायरी बऱ्याचदा गळते. नवरा-बायको एकमेकांशी धड बोललेले नसतात आणि इवाय-इवाय (व्याही-व्याही) बैठकीला बसलेले असतात. तुमचं काम त्या गळलेल्या पायरीवर आहे, असं मला वाटतं.

दर्यापूर
अबोला कुठे बसवायचा? तीही मोडण्याचीच सुरुवात ना?

वरुड
नाही हो. अबोला ‘धरतात’, म्हणजे तो सोडायचाही असतो. कुणीतरी समजूत काढेल ही आशा त्यात असते. ‘बोलणं टाकलं’ म्हटलं की ती आशा संपली. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी संसाराला घातक म्हणून टीका, तुच्छता, आपलाच बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं या चार गोष्टी सांगितल्या. बोलणं टाकणं त्या चौथ्या गोष्टीत मोडतं. रुसून धरलेला अबोला मी त्यात घालणार नाही.

पुसद
मी वकिली करते, म्हणून शेवटच्या शब्दांबद्दल लिहिते. काडीमोड हा शब्द काडी मोडून संबंध संपल्याचं जाहीर करण्याच्या रूढीवरून आला. फारकत मुळात फारखत : मोकळं केल्याचा कागद, तो पैशाच्या देण्याघेण्याचाही असे. आजही गावात स्टॅम्प पेपरवर ‘फारकत’ लिहून दोघांच्या सह्या घेतात आणि दोन्ही घरं मोकळी झालो असं समजतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ (२) ने रूढीतला घटस्फोट राखला आहे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही तर कागद असूनही लग्न कायम राहतं. परस्पर संमतीची तरतूद, कलम १३-ब, १९७६ मध्ये आली. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. ताई, तुमच्याकडची बाई ‘माही फारकत झाली’ म्हणाली तर ती कोर्टातून की कागदावर, हे त्याच बैठकीत विचारून घ्या. दुसरं लग्न ठरत असेल तर त्याआधी कागद वकिलाला दाखवायला सांगा.